नैवेद्यानंतरची चिमूट

निम्मे कपडे बादलीत भिजले होते, निम्मे मोरीच्या कट्ट्यावर कोरडेच पडले होते, आणि आवडाबाई नवऱ्याच्या खाकी शर्टाची कॉलर नाकाशी धरून बसल्या होत्या. नळाला पाणी आलं होतं. गारखेड्यात पाण्याचा दिवस म्हणजे सणच, आख्खी गल्ली बादल्या-पिंप घेऊन धावपळीत असते. पण आवडाबाईंना त्याचं भान नव्हतं. कॉलरला घामाचा वास होता, बसच्या धुराचा होता, आणि त्या दोन्हींच्या खाली, लपून बसल्यासारखा, लवंगेचा.

हा वास त्यांना लहानपणापासून माहीत होता. त्यांचा बाप पिऊन आला की लवंग चघळत यायचा आणि उंबऱ्यातूनच बडबडायचा, "दात दुखतोय गं, दात." त्या दातदुखीत त्यांच्या आईचं निम्मं आयुष्य गेलं.

तशा आवडाबाई मुळातच संशयी. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणार, भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणार, देवळात मिळालेला नारळसुद्धा कानाशी नेऊन हलवणार. भाव त्यांचा खरा होता, पहाटेची पूजा, संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकला नाही. पण देवावर जेवढा विश्वास तेवढा माणसांवर अविश्वास, असा त्यांचा हिशेब. सासू गेल्यावर देवघरातला खंडोबाचा टाक दिसेना, तेव्हा त्यांनी सरळ नणंदेचं, साळूबाईंचं नाव घेतलं. साळूबाई रडत कांचनवाडीला आपल्या घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. टाकही सापडला नाही.

नवरा तात्यासाहेब. नाव जहागीरदाराचं, नोकरी बिडकीनच्या एका कारखान्याच्या फाटकावर. माणूस अबोल. विचारलं तर हूं, नाही विचारलं तर तेही नाही. दिवाळीपासून आठवड्यातून एखाद्या दिवशी ते तास-दीड तास उशिरा यायला लागले. कारण विचारलं की म्हणायचे, "बदली माणूस आला नाही." आणि त्याच दिवशी कॉलरला लवंग.

आवडाबाईंनी शर्ट बादलीत दाबला, पण चोळला नाही. तसाच ठेवून त्या भागूबाईंकडे गेल्या. दोघी एकाच भजनी मंडळातल्या, एकीचे टाळ, दुसरीचा गळा.

"वास येतोय ना?" भागूबाईंनी विचारलं.

"लवंगेचा."

"मग काय राहिलं? लवंग कामून खातो माणूस? बिर्याणी शिजवायलाय का पोटात?"

"हसू नका हो भागाक्का. जीव जळतोय माझा."

"मग माझं ऐक. माझ्या जावयाला दिली ती पूड आणून देते तुला. वेरूळच्या बाजारात एक वैदू बसतो. आता माझा जावई बाटलीचं नाव काढलं तरी तोंड फिरवतो."

"सांगून द्यायची?"

"सांगून दिली तर घेईल का कुणी? आमंत्रण देणारैस का? आमटीत टाकायची, चिमूटभर. आमटीला काय कळतंय."

"अन् पीतच नसले तर?"

भागूबाईंनी आवाज खाली आणला. "तर काहीच होत नाय. जो पितो त्यालाच ओकारी येती. न पिणाऱ्याच्या पोटात पूड गप पडून राहती. वैदूनं दिव्यावर हात ठेवून सांगितलंय."

आवडाबाईंना ही गोष्ट फार पटली. औषधही झालं आणि परीक्षाही झाली. नवऱ्याला काही विचारायला नको, त्याचं खोटं ऐकायला नको. पोटच खरं सांगेल.

पूड राखाडी होती, चुलीतल्या राखेसारखी, पण बोटावर घेतली तर जड लागायची. आवडाबाईंच्या घरी स्वयंपाक झाला की आधी नैवेद्याची वाटी निघे. पहिल्या दिवशीही त्यांनी देवापुढे वाटी ठेवली, पाणी फिरवलं, डोळे मिटून म्हटलं, "तुला सगळं दिसतंय, मी वाईटासाठी करत नाही." मग स्वयंपाकघरात येऊन नवऱ्याच्या वाटीत चिमूट सोडली आणि पळीनं ढवळली.

तात्यासाहेब जेवले. थोड्या वेळानं उठून मोरीत गेले आणि भडभडून ओकले.

आवडाबाई दाराशी उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. नवऱ्याची पाठ हलत होती आणि त्यांच्या मनात एकच वाक्य वाजत होतं: पितोय. पितोयच.

तेव्हापासून ती चिमूट घरात रुळली. कधी आमटीत, कधी पिठल्यात. प्रत्येक ओकारी म्हणजे आवडाबाईंच्या दृष्टीनं एक कबुलीजबाब. तात्यासाहेब म्हणायचे, "अगं, पित्त झालंय बहुतेक," आणि त्या मनात म्हणायच्या, दात दुखतोय, दात.

एका दुपारी तात्यासाहेब फाटकावरच कोसळले. पोटात वरच्या बाजूला कळ, ती थेट पाठीत घुसलेली. सरळ झोपता येईना, पुढं वाकून बसलं तरच जरा बरं. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरनं रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली आणि सांगितलं, "स्वादुपिंडाला सूज आली आहे."

"म्हंजे?" आवडाबाईंनी विचारलं.

"जठराच्या मागं एक अवयव असतो. अन्न पचवायचा रस तिथं तयार होतो." डॉक्टर कागदावर लिहीत होता. वर न बघताच त्यानं विचारलं, "काका, दारू किती घेता?"

"घेत नाय."

"पित्ताशयात खडे नाहीत तुमच्या. चरबीचं प्रमाण ठीक आहे. मग राहतं काय? खरं सांगा, उपचाराला बरं पडतं."

"साहेब, आयुष्यात शिवलो नाय."

डॉक्टरनं आवडाबाईंकडं पाहिलं. बायका अशा वेळी काय करतात हे त्याला पाठ असावं. आवडाबाईंनी मान खाली घातली आणि हळूच म्हटलं, "सांगून टाका की हो. आता कुणापासून लपवता?"

तात्यासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. रागानं नाही. रस्त्यात अनोळखी माणसानं हाक मारावी आणि आपण ओळखीची खूण शोधावी, तसं पाहिलं. मग भिंतीकडं तोंड केलं. केस पेपरवर दारूची ओळ लिहिली गेली. बातमी कारखान्यात पोचली. घरी सोडल्यावर सुपरवायजरचा फोन आला, की बरे झाल्यावर या, पण फाटकावर पिणारा माणूस ठेवायचा की नाही ते वर विचारावं लागेल.

आवडाबाईंनी आता चिमूट मोठी केली. एवढं होऊनही माणूस कबूल होत नाही म्हणजे आजार खोलवर गेलाय, असं त्यांनी धरलं.

आवडाबाई स्वतः एका फार्मसी कॉलेजात कामाला होत्या. मागच्या बाजूला उंदरांची खोली, तिला सगळे ॲनिमल हाऊस म्हणत. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुवायच्या, खोली थंड आहे ना ते बघायचं. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. सकाळी खोलीत शिरताना त्या हात जोडायच्या, गणपतीचं वाहन म्हणून, आणि मग त्याच वाहनाची घाण काढायच्या.

कॉलेजवरही त्यांचा विश्वास नव्हताच. पीएचडी करणारी प्रेरणा नावाची मुलगी गोल टोकाची वाकडी सुई उंदराच्या तोंडातून पोटापर्यंत सोडायची आणि काहीतरी पाण्यासारखं आत ढकलायची. आवडाबाईंना वाटायचं, हीच रोग पेरते आणि मग हीच औषध विकणार. तसं त्यांनी तिला तोंडावर म्हटलंही होतं. प्रेरणा हसून म्हणाली होती, "मावशी, विकायला आधी पास तर होऊ द्या."

तात्यासाहेब घरी पडून असतानाची ही गोष्ट. आवडाबाई भुसा बदलायला गेल्या आणि एका पिंजऱ्यापाशी थांबल्या. आतले उंदीर कोपऱ्यात गोळा झाले होते. पाठीला कुबड काढलेलं, पोट आत ओढलेलं, अंगावरचे केस विस्कटलेले. दाण्याला तोंड लावलेलं नव्हतं. बाजूच्या पिंजऱ्यातले मात्र एकमेकांच्या अंगावर चढत होते, खात होते.

आवडाबाईंनी हे बसणं घरी पाहिलं होतं. पलंगाच्या कडेला, उशी पोटाशी धरून, पुढं वाकून.

"प्रेरणाताई, ह्यांना काय झालंय?"

"स्वादुपिंडाला सूज यायला लागली असणार. तेच बघायचं आहे."

तो शब्द ऐकून आवडाबाईंच्या हातातला भुशाचा डबा कलला. मग त्यांनी सवयीनं डोळे बारीक केले. "म्हंजे दारू पाजली का ह्यांना?"

"दारू नाही हो. जस्त दिलंय."

"जस्त? बादलीचं?"

"तेच जस्त, पण क्षार करून, पाण्यात विरघळवलेलं. विरघळलं की त्याचे अगदी बारीक कण सुटे होतात, विजेचा भार असलेले. आयन म्हणतात त्यांना. थोडं जस्त शरीराला लागतंच, तुमच्या-माझ्याही. पण फार झालं की ते स्वादुपिंडाच्या पेशींत साचतं." प्रेरणा हातमोजे काढत सांगत होती. "तिथला रस अन्न पचवण्यासाठी असतो ना, तो आतड्यात पोचल्यावर जागा व्हायला हवा. पेशी बिघडल्या की तो आतच जागा होतो. आणि मग ज्या घरात तयार झाला तेच घर पचवायला लागतो."

"सोताचंच घर?"

"स्वतःचंच."

आवडाबाई पिंजऱ्याकडे बघत राहिल्या. एक उंदीर उठायला गेला आणि परत वाकून बसला.

"ताई, एक विचारू? शेजारच्या बाईचं आहे." खोटं बोलताना त्यांचा आवाज फार स्वच्छ निघाला. "तिनं नवऱ्याला वैदूची पुडी दिली. राखाडी. वजनाला जड. तशा पुडीत असतंय का असलं काही?"

प्रेरणाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "काय असतं कुणाला ठाऊक? काही भस्मं धातूंची असतात. नीट तयार केलेली वेगळी आणि बाजारात बसून विकलेली वेगळी. तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तो माणूस ओकतो का?"

"ओकतो."

"मावशी, धातूचे असे क्षार पोटात गेले की कुणालाही ओकारी येते. दारू पिणारा असो, नाहीतर न पिणारा."

खोलीत एसीचा घुं घुं आवाज होता. आवडाबाईंना वाटलं तो आपल्या डोक्यात आहे.

"उंदरांवरून माणसाचं सांगू नये म्हणतात," प्रेरणा पुढं म्हणाली, "आणि मीही सांगत नाही. पण त्या बाईला आजच्या आज पुडी बंद करायला लावा. आणि डॉक्टरला दाखवायला लावा."

आवडाबाई उगाच पदर सारखा करत राहिल्या. देवापुढची वाटी त्यांना आठवली. नैवेद्याची वाटी आधी बाजूला, चिमूट नंतर. एवढे दिवस त्यांनी हे केलं तेव्हा एकदाही मनात आलं नव्हतं, की जे देवाच्या वाटीत घालायला हात धजत नाही, ते नवऱ्याच्या वाटीत कसं घालतोय.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारच्या पोरीचा. काकांना पुन्हा कळ आली, रिक्षात घालून दवाखान्यात नेलंय, ते साळूआत्याला बोलवा म्हणत होते म्हणून तिलाही कळवलंय.

साळूआत्याला. मला नाही. रिक्षात बसेपर्यंत आवडाबाईंच्या संशयाला पुन्हा दात फुटले होते. बहीण कशाला? तिचा नंबर कुठून मिळाला?

वॉर्डात साळूबाई भावाच्या पायाशी बसल्या होत्या. तात्यासाहेब कुबड काढून, गुडघे पोटाशी घेऊन. तोच तरुण डॉक्टर समोर उभा.

"काका, मी बजावलं होतं ना? पुन्हा घेतली?"

"माझा भाऊ पीत नाय!" साळूबाई उसळल्या.

"मावशी, सगळ्या बहिणी असंच म्हणतात."

"म्हणू देत. मी बघितलंय म्हणून म्हणते. आठवड्याला माझ्या घरी येतो तो. बसमधून कांचनवाडीला उतरतो. भाकरी खातो, आईच्या आठवणी काढतो, मी विडा लावून देते, आई लावायची तसा, बिनकाताचा, लवंग टोचून. तो चघळत घरी जातो." त्यांनी आवडाबाईंकडं पाहिलं. "हिला सांगत नाय, कारण हिला सांगितलं तर ही विड्यातसुद्धा खंडोबाचा टाक शोधंल."

वॉर्डातल्या दोन बायका फिसकन हसल्या. आवडाबाईंना ऐकूच आलं नाही. लवंग. एवढी साधी लवंग. नवरा खोटं बोलत होता हे त्यांना बरोबर कळलं होतं. कशाचं खोटं, ते तेवढं कळलं नव्हतं.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळला. आता तो गेला, तर ती ओळ तशीच राहणार. घरी जाऊन पुडी मोरीत ओतली तर कुणाला काही कळणार नव्हतं. दुखणं आपोआप थांबलं असतं, आणि तात्यासाहेब जन्मभर पिणारे म्हणून राहिले असते. नोकरी गेली असती ती गेली असती. आवडाबाईंनी हा सगळा विचार केला. केला नाही असं म्हणणं खोटं होईल.

"डाक्टर," त्या म्हणाल्या. "मी पूड घालत होते. ह्यांच्या आमटीत. दारू सुटावी म्हणून."

साळूबाईंचा हात तोंडाशी गेला. तात्यासाहेब भिंतीकडं बघत होते, त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचं कण्हणं थांबलं.

"कसली पूड?" डॉक्टर परत आला.

"राखाडी. धातूची असंल. उंदरांना जस्त दिलं की स्वादुपिंड सुजतंय, आमच्या कालेजात बघितलं मी आज." शब्द एकावर एक पडत होते. "ते पीत नव्हते डाक्टर. मीच पाजत होते."

डॉक्टर ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. तो खुर्ची ओढून बसला आणि पहिल्यांदाच त्यानं आवडाबाईंच्या डोळ्यांत बघून विचारलं, "किती दिवस? किती घालत होता? पुडी शिल्लक आहे?"

"आहे. तांदळाच्या डब्यात."

"घेऊन या. सगळी."

त्या आणायला गेल्या तेव्हा साळूबाई मागून एवढंच म्हणाल्या, "वयनी, दुसरं काही घालत नव्हतीस ना?"

पुडीचा अहवाल पुण्याहून आला तोवर तात्यासाहेब घरी आले होते. पुडीत जस्त निघालं, तांबंही निघालं, दोन्ही बेसुमार. रक्तातही वाढलेलं होतं. डॉक्टर म्हणाला, "ह्यानंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. माणसात असं फार क्वचित नोंदलं गेलंय. पण दुसरं कारण मला दिसत नाही." मग त्यानं पेपरवरची दारूची ओळ खोडली, बाजूला सही केली, आणि तात्यासाहेबांना म्हणाला, "काका, माझंही चुकलं." कारखान्याला तसं पत्रही दिलं. फाटकावरची जागा राहिली.

भागूबाई भेटायला आल्या नाहीत. भजनात त्या आता टाळ घेऊन दुसऱ्या टोकाला बसतात. आवडाबाईंनी फोन करून जावयालाही दाखवा म्हणून सांगितलं, तर पलीकडून उत्तर आलं, "माझा जावई ठणठणीत आहे. तुझीच चिमूट मोठी असंल." हे मात्र खरं होतं.

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं आवडाबाईंना वाटे. तात्यासाहेब पूर्वीसारखेच अबोल. पण पहिल्याच दिवशी त्यांनी पुढ्यातली खिचडी बघितली, चमच्यानं ढवळली, खालून वर काढली, उजेडात धरली.

"काय बघताय?" आवडाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मीठ कमी आहे डॉक्टरनं सांगितलं म्हणून."

"हूं." ताट त्यांनी बायकोकडं सरकवलं. "आधी तू खा."

आवडाबाई हसल्या. थट्टा असेल असं धरून हसल्या. तात्यासाहेब हसले नाहीत. तेव्हा त्यांनी घास घेतला, गिळला, तोंड उघडून दाखवलं, लहान पोरानं औषध घेतल्यावर दाखवावं तसं. नवऱ्यानं थोडा वेळ वाट पाहिली. मग जेवायला लागला.

आता रोज हेच. चहा ते स्वतः करतात, साखरेचा डबा आधी हुंगतात. पाणी स्वतः भरतात. कांचनवाडीहून साळूबाईंचा डबा आला की मात्र झाकण काढून सरळ घास घेतात, बघतसुद्धा नाहीत. आवडाबाई दाराआडून ते बघतात. दूधवाल्याला, भाजीवाल्याला, नारळाला त्यांनी आयुष्यभर ज्या नजरेनं पाहिलं ती नजर आपल्यावर पडल्यावर कशी लागते, हे त्यांना पन्नाशीनंतर कळलं. देवापुढं बसल्या की शब्द सापडत नाहीत. माफी मागावी तर ती देवाकडं नाही, पलंगावरच्या माणसाकडं मागायची असते. मागितलीही एकदा. ते म्हणाले, "जाऊ दे." पण ताट सरकवायचं थांबलं नाही.

आज सकाळी तात्यासाहेबांनी स्वतःहून तोंड उघडलं.

"अगं."

"काय हो?"

"मुगाची डाळ संपली?"

"आहे की डब्यात, भरपूर."

"डब्यातली नको." जरा थांबून म्हणाले, "दुकानातनं बंद पाकीट आण. फोडू नको. मी फोडतो." आणि मग, चेहरा न हलवता, "तू शिजव."

आवडाबाईंनी पायात चपला घातल्या. तू शिजव. हे शब्द त्यांनी दोनदा मनात उलटून पाहिले, आत काही दडलंय का ते बघितलं, आणि तसेच ठेवून दिले.

पिशवी घेऊन त्या चौकातल्या किराणा दुकानाकडे निघाल्या. मूगडाळीचं एक बंद पाकीट आणायचं होतं.